तंजावरचे अनाम चित्रकार

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, एखाद्या चित्रकाराचे चरित्र आपण वाचतो तेव्हा त्याचा जन्म कोठे झाला, त्याचे गुरू कोण होते आणि त्याला कोणते मानसन्मान मिळाले, याची माहिती आपल्याला मिळते. पण ज्याचे नावच कोणी लिहून ठेवले नाही, अशा चित्रकाराचे चरित्र कसे समजून घ्यावे?

तमिळनाडूतील तंजावर या शहरावर सुमारे एकशे ऐंशी वर्षे मराठी राजांचे राज्य होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील चित्रकारांनी कागदावर जलरंगांत विपुल चित्रे काढली. त्यांतील काही चित्रे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, तर बरीच चित्रे लंडनमधील संग्रहांत जपलेली आहेत. चित्रे राहिली, ती काढणाऱ्यांची नावे मात्र बहुतांशी हरवली. या पाठात आपण त्या चित्रांच्या आधाराने त्यांच्या चित्रकारांची ओळख करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• तंजावरच्या चित्रपरंपरेची माहिती सांगू शकाल;
• फळीवरील पारंपरिक चित्र आणि कागदावरील जलरंगचित्र यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• सरफोजीराजे यांच्या काळातील चित्रकलेचे स्वरूप वर्णन करू शकाल;
• कलावंताचे नाव इतिहासात का टिकते किंवा का टिकत नाही, याविषयी आपले मत मांडू शकाल;
• प्रयोजक क्रियापदे ओळखू शकाल व त्यांचा वाक्यांत उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

१. भिंतीवरील नावे

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर चोळ सम्राट पहिला राजराज याने बांधले. इसवी सन १०१० च्या सुमारास ते पूर्ण झाले. मंदिराच्या दगडांवर तमिळ भाषेतील अनेक लेख कोरलेले आहेत. देवाला कोणते दागिने अर्पण केले, कोणत्या गावाच्या उत्पन्नातून दिवे लावायचे, याचा बारीकसारीक हिशेब त्यांत आहे. मंदिरात नृत्यसेवा करणाऱ्या सुमारे चारशे स्त्रियांची नावेही तेथे आहेत. कोणती स्त्री कोणत्या ओळीतील कोणत्या घरात राहत होती, हेसुद्धा दगडावर नोंदलेले आहे.

याच मंदिराच्या आवारातील भिंतीवर एक दीर्घ मराठी लेखही आहे. तो देवनागरी लिपीत असून १८०३ साली कोरण्यात आला. त्यात भोसले घराण्याचा इतिहास सांगितला आहे. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, चोळांच्या मंदिराच्या भिंतीवर आपली भाषा वाचताना मराठी माणसाची पावले आपोआप थांबतात.

मंदिराच्या गाभाऱ्याभोवती एक अंधारा प्रदक्षिणामार्ग आहे. १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी या अभ्यासकांना तेथे नायक राजांच्या काळातील चित्रांच्या थराखाली चोळकालीन भित्तिचित्रे आढळली. म्हणजे एकाच भिंतीवर दोन युगांतील चित्रकारांचे काम एकावर एक नांदत होते. राजांची नावे भिंतींवर आहेत, नर्तकींची नावे आहेत. चित्रकार मात्र दोन्ही थरांत अज्ञातच राहिले. तंजावरच्या चित्रकलेची कथा अशी नावाच्या अभावापासून सुरू होते.

२. फळीवरचा देव

सोळाव्या शतकात तंजावरात नायक राजांचे राज्य स्थापन झाले. त्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, म्हणजेच एकोजीराजे, यांनी १६७६ च्या सुमारास तेथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली. ती १८५५ पर्यंत टिकली. या राज्यात लोकांची भाषा तमिळ होती. नायकांच्या काळापासून तेलुगूला मान होता, पंडितांची भाषा संस्कृत होती आणि दरबारचा कारभार मराठीत, मोडी लिपीत चाले. अशा बहुभाषी नगरात चित्रकारही निरनिराळ्या समाजांतून आलेले होते. तेलुगू भाषक राजू व नायडू समाजांतील कुटुंबांत ही कला पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत तंजावरच्या चित्रकारांना ‘मूची’ असेही म्हटलेले आढळते. हा शब्द मुळात चामड्याचे काम करणाऱ्यांसाठी वापरला जाई. महाराष्ट्रातील जीनगर समाजही घोड्याचे जीन तयार करण्याबरोबर चित्रकाम आणि मूर्तिकाम करीत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या नावाचे आश्चर्य वाटत नाही.

या चित्रकारांचे पारंपरिक काम म्हणजे फळीवरील देवचित्र. फणसाच्या किंवा तत्सम लाकडाच्या फळीवर प्रथम कापड चिकटवीत. त्यावर खडूची पूड आणि डिंक यांचा लेप देऊन पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करीत. मग आकृती रेखाटून दागिने, कमानी, खांब असे भाग लेपाने उंच उठवीत, त्यांवर खडे व काचा बसवीत आणि सोन्याचा वर्ख लावीत. शेवटी रंग भरीत. लोणी खाणारा बाळकृष्ण, राज्याभिषेकाचा राम हे या चित्रांचे आवडते विषय होत. चित्राच्या मध्यभागी देव मोठा आणि ठसठशीत असतो. भक्त, सेवक त्याच्या मानाने लहान असतात. येथे प्रकाश कोणत्या बाजूने येतो, हा प्रश्न चित्रकाराला पडत नाही. देवघराच्या मंद उजेडात सोन्याचा वर्खच उजळून निघतो. अशा चित्रावर चित्रकाराने आपले नाव घालण्याची प्रथा नव्हती. देवाच्या चित्रावर आपले नाव लिहावे, असे त्याला वाटण्याचे काही कारणही नव्हते.

पाठगत प्रश्न – १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. बृहदीश्वर मंदिरातील मराठी लेख ........ साली कोरण्यात आला.
२. चोळकालीन भित्तिचित्रे ........ काळातील चित्रांच्या थराखाली आढळली.
३. दरबारचा मराठी कारभार ........ लिपीत चाले.

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. तंजावरच्या फळीवरील चित्रांत उजळपणा कशामुळे येतो?

३. कागद आणि जलरंग

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरचे राजकारण पालटले. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेच्या मदतीने तंजावर जिंकले. १७७६ मध्ये तुळजाजीराजांना राज्य परत मिळाले, पण इंग्रजांची फौज तंजावरात राहिली. फौजेबरोबर अधिकारी आले आणि त्यांच्याबरोबर चित्रांचे नवे गिऱ्हाईक आले.

या अधिकाऱ्यांना देवघरातील जड फळी नको होती. या देशातील माणसे कशी दिसतात, काय नेसतात, कोणते काम करतात, हे मायदेशी दाखवता यावे, अशी चित्रे त्यांना हवी होती. ती जहाजातून नेण्यासारखी हलकी हवी होती. म्हणून तंजावरचे चित्रकार युरोपातून आलेल्या कागदावर जलरंगांत चित्रे काढू लागले. कंपनीच्या आश्रयाने भारतात ठिकठिकाणी विकसित झालेल्या अशा चित्रांना पुढे ‘कंपनी शैली’ असे नाव मिळाले.

जलरंग म्हणजे डिंकात घोटलेला आणि पाण्याने पातळ करता येणारा रंग. इंग्लंडमधील चित्रकार तो पुष्कळदा पारदर्शक ठेवीत. कागदाचा पांढरेपणा रंगाखालून दिसावा, अशी त्यांची योजना असे. आपल्याकडील चित्रकार रंगात पांढरा मिसळून तो दाट करीत. त्याला अपारदर्शक जलरंग म्हणतात. तंजावरच्या चित्रकारांनी दाट रंगाची आपली सवय सोडली नाही, मात्र अंगावरची गोलाई दाखवण्यासाठी हलकी छटा आणि पायाशी पडणारी सावली त्यांनी नव्याने आत्मसात केली. फळीवरच्या देवाला सावली नव्हती; कागदावरच्या माणसाला ती मिळाली.

तंजावरच्या संचांतील चित्रे पुष्कळदा जोडप्यांची असतात. एका कागदावर एका व्यवसायातील पुरुष व त्याची पत्नी उभी असते. कुंभार, विणकर, गारुडी, शिपाई अशा नाना व्यवसायांतील लोक आपापल्या अवजारांसह किंवा मालासह दाखवलेले असतात. जमिनीची रेषा खाली, मागे निळे आकाश आणि समोर दोन व्यक्ती, अशी जुन्या संचांची मांडणी असे. पुढे पार्श्वभूमी कमी होत गेली आणि कोऱ्या कागदावर केवळ व्यक्ती व तिची सावली उरली.

ही चित्रे काळजीपूर्वक पाहिली म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. लुगड्याचे काठ, पागोट्याचे पेच, हातातील अवजार यांत बारकावे भरपूर असतात. चेहरे मात्र बऱ्याच वेळा एकसारखे असतात. गिऱ्हाइकाला अमुक एक कुंभार नको होता, ‘कुंभार’ हवा होता. चित्रात उभ्या असलेल्या माणसालाही नाव नव्हते आणि चित्र काढणाऱ्यालाही नव्हते.

येथे आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या काळच्या अनेक इंग्लिश कागदांत जलखूण असे. कागद उजेडासमोर धरला की त्यात कागद तयार करणाऱ्याचे नाव आणि कधी कधी वर्षही दिसते. अशा जलखुणांच्या आधारे अभ्यासक चित्रांचा काळ ठरवतात. कागद कोणी केला, ते कागदाने सांगितले; त्यावरील चित्र कोणी काढले, ते सांगायचे राहून गेले.

४. सरफोजीराजांचा दरबार

तंजावरच्या जलरंगचित्रांना केवळ विक्रीच्या मालापलीकडे नेले ते दुसरे सरफोजीराजे यांनी. त्यांचा जन्म १७७७ साली झाला. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले. त्यांच्या शिक्षणाकडे श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाने लक्ष दिले व काही काळ ते मद्रासला राहून शिकले. १७९८ मध्ये ते गादीवर आले. पण पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. किल्ला, त्याभोवतीचा थोडा मुलूख आणि ठरावीक उत्पन्न एवढेच राजांकडे उरले.

राज्य गेलेल्या या राजाने आपले सारे लक्ष विद्येकडे वळवले. नायक राजांच्या काळापासून चालत आलेला ग्रंथसंग्रह त्यांनी देशोदेशीचे ग्रंथ मिळवून वाढवला. १८०५ च्या सुमारास त्यांनी तंजावरात छापखाना सुरू केला. ‘बालबोधमुक्तावली’ हे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक तेथे १८०६ मध्ये छापले गेले. मुद्रित मराठी पुस्तकांच्या इतिहासात त्याचे स्थान फार वरचे आहे. जगाचा भूगोल समजावून देणारे ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक सरफोजीराजांच्या नावावर आहे. औषधी व उपचार यांच्या अभ्यासासाठी त्यांनी ‘धन्वंतरी महाल’ चालवला. १८२६ साली त्यांना भेटलेल्या बिशप हेबर यांनी, हा राजा लिनीअस आणि ब्यूफाँ यांच्यासारख्या निसर्गशास्त्रज्ञांचे दाखले सहज देतो, असे कौतुकाने नोंदवून ठेवले.

अशा राजाला चित्रे हवी होती ती भिंत सजवण्यासाठी नव्हे, तर पाहण्यासाठी आणि शिकण्यासाठी. पक्षी, प्राणी, वनस्पती यांची रंगीत चित्रे तंजावरच्या चित्रकारांकडून काढवून घेण्यात आली. त्यांतील काही चित्रे राजांनी बेंजामिन टोरीन या इंग्रज रेसिडेंटला भेट दिली. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

आता आपण त्या चित्रकाराचा विचार करू या. लहानपणापासून त्याने देवाचे डोळे कसे काढायचे, ते शिकून घेतले होते. देवाचा डोळा कमळाच्या पाकळीसारखा लांबट, रुंद आणि निश्चल असतो. त्याचे माप परंपरेने ठरवून दिलेले असते. तो काढण्यासाठी समोर कोणी असावे लागत नाही. पण पक्ष्याचे चित्र काढताना परंपरेचे माप उपयोगी पडत नाही. चोच किती वाकडी आहे, पंखावरचे पिसे कोणत्या ठिकाणी रंग बदलते, पायाला बोटे किती, हे समोरच्या पक्ष्यालाच विचारावे लागते. हातातील कौशल्य तेच, पण डोळ्यांना नवी शिस्त लावावी लागते. तंजावरच्या चित्रकाराने ती शिस्त आत्मसात केली. त्याच्या जीवनातील सर्वांत मोठी घटना कदाचित हीच असेल. आणि तिचा पुरावा त्याच्या चित्रांत आहे.

५. रोग्याचा डोळा

सरस्वती महाल ग्रंथालयातील एक संग्रह फार हृदयस्पर्शी आहे. सरफोजीराजांच्या काळात तंजावरात नेत्ररुग्णांवर उपचार व शस्त्रक्रिया होत असत. त्या रुग्णांची टिपणे जपून ठेवलेली असून त्यांच्याबरोबर रुग्णांच्या डोळ्यांची जलरंगांतील चित्रे आहेत. मोतीबिंदूने दृष्टी अंधुक झालेला डोळा जसा होता तसा चित्रकाराने रंगवला आहे.

व्यवसायांच्या संचात जो चित्रकार ‘कुंभार’ काढीत होता, त्याच परंपरेतील हाताला येथे एका विशिष्ट माणसाचा, विशिष्ट दिवशीचा डोळा काढायचा होता. तो सुंदर करून चालणार नव्हते. मोतीबिंदूचा पांढरेपणा कमी दाखवला असता, तर वैद्याच्या दृष्टीने ते चित्र खोटे ठरले असते. आपण जे काढतो त्याच्या खरेपणावर दुसऱ्याचे हित अवलंबून आहे, ही जाणीव या छोट्या चित्रांमागे आहे. छायाचित्रणाचा शोध अजून प्रचारात यायचा होता. वैद्याच्या स्मरणशक्तीला आधार होता तो चित्रकाराच्या कुंचल्याचा.

टिपणांत रुग्णाची हकिकत आली, उपचार आले. ज्याने तो डोळा तासन् तास न्याहाळून कागदावर उतरवला, तो मात्र पडद्याआडच राहिला.

पाठगत प्रश्न – २

(अ) चूक की बरोबर ते लिहा.
१. कंपनीच्या अधिकाऱ्यांना प्रामुख्याने फळीवरील देवचित्रे हवी होती.
२. जलखुणेवरून चित्राचा काळ ठरवण्यास मदत होते.
३. नेत्ररुग्णांच्या चित्रांत खरेपणाला महत्त्व होते.

(आ) जोड्या जुळवा.
१. बालबोधमुक्तावली – (क) औषधी व उपचारांचा अभ्यास
२. देवेंद्र कुरवंजी – (ख) इसापच्या गोष्टी
३. धन्वंतरी महाल – (ग) जगाचा भूगोल

६. नावे कोठे टिकली?

त्या काळातील काही चित्रकारांची नावे मात्र आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. ती कशी टिकली, हे पाहणे उद्बोधक आहे.

पुण्याचे गंगाराम तांबट हे असे एक चित्रकार. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासाठी त्यांनी १७९० नंतरच्या काही वर्षांत चित्रे काढली. वेरूळची लेणी आणि पेशव्यांच्या संग्रहातील गेंडा यांची त्यांनी काढलेली चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. मॅलेट आणि वेल्स यांनी आपल्या लेखनात त्यांचा उल्लेख केला, म्हणून गंगारामांचे नाव राहिले.

दक्षिणेतील दोन चित्रकार रंगय्या आणि गोविंदू यांची कथाही अशीच आहे. रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञासाठी या दोघांनी दक्षिण भारतातील वनस्पतींची शेकडो चित्रे काढली. तंजावरजवळच्या नागपट्टणमलाही वाइट यांचे काही काळ वास्तव्य होते. या चित्रकारांचे हात तंजावरच्या परंपरेत घडले असावेत, असे काही अभ्यासक मानतात. वाइट यांनी १८३८ ते १८५३ या काळात भारतीय वनस्पतींच्या चित्रांचा सहा खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील चित्रांच्या तळाशी आधी रंगय्यांचे आणि पुढे गोविंदूंचे नाव छापलेले दिसते. एवढेच नव्हे, तर एका ऑर्किडच्या प्रजातीला वाइट यांनी ‘गोविंदूइया’ असे नाव दिले. एखाद्या फुलाने आपल्या चित्रकाराचे नाव धारण करावे, असा योग दुर्मीळच म्हणावा लागेल.

वेल्लोरच्या येल्लप्पा या चित्रकाराने तर १८३० नंतरच्या काही वर्षांत चित्रकाम करतानाचे स्वतःचेच चित्र काढले. इतरांची चित्रे काढता काढता एक चित्रकार स्वतः चित्रात आला.

या साऱ्या उदाहरणांत एक सूत्र दिसते. या चित्रकारांची नावे टिकली, ती ते इतरांहून श्रेष्ठ होते म्हणूनच असे नव्हे. कोणीतरी ती लिहून ठेवली म्हणून टिकली. नाव लिहिण्यास फार श्रम पडत नाहीत. त्यासाठी समोरच्याचे काम हे ‘त्याचे’ काम आहे, एवढे मान्य करावे लागते.

७. मोडीचे रुमाल

१८३२ मध्ये सरफोजीराजे निवर्तले. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजीराजे यांना पुत्र नव्हता. १८५५ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर कंपनीने राज्य खालसा केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५८ मध्ये, मद्रास सरकारचा छायाचित्रकार लिनिअस ट्राइप हा कॅमेरा घेऊन तंजावरात आला. बृहदीश्वर मंदिराची आणि त्याच्या पायथ्यावरील लेखांची छायाचित्रे त्याने काढली. राजाश्रय संपला होता आणि माणसे, इमारती, पशुपक्षी यांची हुबेहूब प्रतिमा देणारे यंत्रही आले होते. कागदावरील जलरंगचित्रांची मागणी हळूहळू ओसरली. फळीवरील देवचित्रांची परंपरा मात्र टिकून राहिली. आजही तंजावरात अशी चित्रे तयार होतात आणि २००७-०८ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

मग त्या जलरंगचित्रकारांचे चरित्र येथेच संपते का? तसे म्हणता येत नाही. तंजावरच्या राजवाड्याच्या कारभाराचे हजारो मोडी कागद आजही उपलब्ध आहेत. नेमणुका, पगार, खरेदी, इनामे यांच्या नोंदी त्यांत आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने अशा कागदांचे तमिळ अनुवादही प्रसिद्ध केले आहेत. मोडी वाचणारे आता थोडे आहेत, त्यामुळे हे काम सावकाश चालते. या कागदांत एखाद्या चित्रकाराला दिलेल्या रकमेची नोंद, आणि त्या नोंदीत त्याचे नाव असू शकेल. ते वाचण्यासाठी मराठी आणि मोडी जाणणारा अभ्यासक हवा. तो तुमच्यापैकीही एखादा असू शकतो.

शब्दार्थ

अनाम – ज्याचे नाव माहीत नाही असा
आश्रय – आधार, पाठबळ
वर्ख – सोन्याचा किंवा चांदीचा अतिशय पातळ पत्रा
घोटणे – घासून गुळगुळीत करणे. खलून एकजीव करणे
ठसठशीत – ठळक, उठून दिसणारा
जलखूण – उजेडासमोर धरल्यावर कागदात दिसणारी खूण
रेसिडेंट – संस्थानिकाच्या दरबारी राहणारा कंपनीचा प्रतिनिधी
निश्चल – न हलणारा, स्थिर
उद्बोधक – ज्ञान देणारे, विचार करायला लावणारे
खालसा करणे – राज्य सरकारच्या ताब्यात घेणे
रुमाल – जुनी कागदपत्रे बांधून ठेवलेले कापडी गाठोडे

भाषाभ्यास : प्रयोजक क्रियापद

पुढील दोन वाक्ये वाचा.
(१) चित्रकाराने पक्ष्याचे चित्र काढले.
(२) राजाने पक्ष्याचे चित्र काढविले.

पहिल्या वाक्यात चित्र काढण्याची क्रिया कर्ता स्वतः करतो. दुसऱ्या वाक्यात कर्ता ती क्रिया स्वतः न करता दुसऱ्याकडून करवून घेतो. अशा क्रियापदाला प्रयोजक क्रियापद म्हणतात. करणे – करविणे, लिहिणे – लिहविणे, बांधणे – बांधविणे, शिकणे – शिकविणे ही त्याची आणखी उदाहरणे होत.

दुसरे वाक्य पुन्हा वाचा. चित्र प्रत्यक्ष कोणी काढले, हे त्या वाक्यात आलेलेच नाही, तरीही वाक्य पूर्ण वाटते. ‘राजाने चित्रकाराकडून पक्ष्याचे चित्र काढविले,’ असे म्हटले की काम करणारा वाक्यात येतो. इतिहासातील ‘राजाने मंदिर बांधविले’, ‘राजाने तलाव खणविला’ यांसारखी विधाने वाचताना ‘कोणाकडून?’ हा प्रश्न स्वतःला अवश्य विचारा.

तुम्ही काय शिकलात?

• तंजावरचे चित्रकार मूलतः फळीवर देवचित्रे काढीत. कंपनीच्या काळात ते कागदावर जलरंगांत काम करू लागले.
• दाट रंग ही जुनी सवय कायम ठेवून त्यांनी छटा व सावली यांचा स्वीकार केला.
• सरफोजीराजांच्या विद्याप्रेमामुळे निसर्ग आणि वैद्यक या विषयांवरील चित्रे निर्माण झाली.
• परंपरेने ठरवलेले रूप काढण्याबरोबरच समोरचे रूप पाहून काढण्याची शिस्त चित्रकारांनी आत्मसात केली.
• कलावंताचे नाव टिकण्यासाठी ते कोणीतरी नोंदवणे आवश्यक असते.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे पाच-सहा ओळींत लिहा.
(अ) फळीवरील देवचित्र कसे तयार करीत?
(आ) व्यवसायांच्या संचातील चित्रांची वैशिष्ट्ये सांगा.
(इ) ‘हातातील कौशल्य तेच, पण डोळ्यांना नवी शिस्त लावावी लागते,’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

२. ‘नेत्ररुग्णांची चित्रे ही तंजावरच्या चित्रकाराची सर्वांत जबाबदारीची चित्रे होत,’ या मताशी तुम्ही सहमत आहात का? सकारण लिहा.

३. पुढील वाक्यांतील प्रयोजक क्रियापदे ओळखा व काम करणाऱ्याचा उल्लेख करून वाक्ये पुन्हा लिहा.
(अ) राजाने मराठी लेख कोरविला.
(आ) आईने मुलीसाठी परकर शिवविला.

४. उपक्रम : तुमच्या परिसरातील एखादी मूर्ती, दुकानावरील रंगवलेली पाटी, भिंतीवरील चित्र किंवा देवळाचा कोरीव दरवाजा निवडा. तो कोणी केला, याची वडीलधाऱ्या मंडळींकडे चौकशी करा. मिळालेले नाव, गाव आणि कामाची माहिती आपल्या वहीत तारखेसह नोंदवून ठेवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) १. १८०३, २. नायक, ३. मोडी. (आ) १. सोन्याच्या वर्खामुळे तंजावरच्या फळीवरील चित्रांत उजळपणा येतो.

प्रश्न २ : (अ) १. चूक, २. बरोबर, ३. बरोबर. (आ) १ – ख. २ – ग. ३ – क.